१९८६ ची येझदी रोडकिंग, पंधरा वर्षं पडवीत उभी आहे. सुरुवात कुठून करू?

राधानगरी_रिटर्न

नमस्कार मंडळी, पहिलीच पोस्ट आहे, चुकीच्या विभागात पडली असेल तर ॲडमिननी हलवावी.

विषय असा की आमच्या आजोबांची येझदी रोडकिंग मोटारसायकल आहे, १९८६ ची. राधानगरी तालुक्यात गावच्या घरी गोठ्याला लागून पडवी आहे, तिथं उभी आहे. आजोबांनी २०१० च्या पावसाळ्याआधी शेवटची चालवली, २०११ ला ते गेले. त्यानंतर आधी गाडीवर ताडपत्री पडली, मग ताडपत्रीवर वैरण, मग वैरणीवर मांजर व्यायली, आणि आमचा पाऊस कसा असतो ते तुम्हाला माहितीच असेल, जून ते सप्टेंबर भिंतीलाच पाणी सुटतं.

आत्ता दिवाळीला बाहेर काढली. सीटमधला फोम उंदरांनी संपवलाय. टाकीत अर्ध्याला पेट्रोल होतं ते आता काकवीसारखं झालंय आणि वास वार्निशचा. उजव्या सायलेन्सरला खालून भोक. टायर चिरलेत. किक अर्धी जाते आणि अडते, मी आणि चुलतभाऊ दोघांनी आळीपाळीने बराच जोर लावून बघितला, काही नाही.

कोल्हापुरात एका गॅरेजवाल्याला फोटो दाखवले तर तो म्हणाला ७५ हजार, आधी पूर्ण खोलून क्रोम आणि पेंट करू, इंजिनचं मग बघू. भंगारवाला १२ हजार देतो म्हणतोय आणि काका म्हणतात देऊन टाक, जागा मोकळी होईल. माझं बजेट ४० हजार, ते पण हळूहळू. मला शोची गाडी नकोय, गावात फिरवायचीये आणि जमलं तर एकदा दाजीपूरला जाऊन यायचंय. आजवर फक्त ॲक्टिव्हा चालवलीये, टू-स्ट्रोकचं शून्य ज्ञान. कागद आजोबांच्याच नावावर आहेत, आरसी बुक सापडलंय पण कोपरा वाळवीने खाल्लाय.

कुठून सुरुवात करू?

धूरवाले_काका

सगळ्यात आधी किकवर उड्या मारायचं बंद करा दोघांनी. आजपासून. अर्धी जाऊन अडतीये म्हणजे पिस्टन चिकटलाय नाहीतर रिंगा गंजून धरल्यात, त्यात तुम्ही आळीपाळीने नाचलात तर किकचे दात जातील, आणि रिंग तुटून पोर्टात (ब्लॉकच्या आतल्या भिंतीतल्या खिडकीत) अडकली तर ब्लॉक ओरखडून निघेल ते वेगळंच.

प्लग काढ. भोकातून थोडं डिझेल आणि त्यात थोडं टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये घालतात ते) मिसळून ओत आणि चार दिवस विसरून जा. रोज संध्याकाळी मेन स्टँडवर ठेवून टॉप गिअर टाकायचा आणि मागचं चाक हाताने पुढं-मागं, पुढं-मागं, हळू. जोर नाही, चिकाटी. सुटली की प्लग बाहेर असतानाच २०-२५ किका मार, कारण टू-स्ट्रोकमध्ये ते डिझेल पोर्टातून खाली क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या पोकळीत) उतरून बसलेलं असतं, ते बाहेर यायला पाहिजे. प्लगच्या भोकासमोर तोंड घेऊन उभा राहू नकोस, शर्टाची वाट लागेल.

आणि सुटली म्हणून लगेच चालू करायला जाऊ नकोस. हेड आणि ब्लॉक उतरवणं या गाडीत तासा-दीड तासाचं काम आहे, व्हॉल्व्ह नाही, कॅम नाही, टायमिंग चेन नाही. उतरव, आतून नख फिरवून बघ. नख अडकलं तर बोअरिंग (ब्लॉक आतून कातून मोठा करायचा), नाही अडकलं तर नवीन रिंगांवर भागेल.

कार्बोरेटर, एअर फिल्टरचा डबा आणि दोन्ही सायलेन्सर यात कुंभारीण माशीची मातीची घरं असणार. असणारच. मी आजवर गोठ्यातनं काढलेल्या जेवढ्या गाड्या उघडल्या तेवढ्यात सापडलीयेत. सायलेन्सरच्या आतल्या नळ्या काढून विस्तवात जाळायच्या, कार्बन झडतो, मग तारेच्या ब्रशने साफ. गिअरबॉक्सचं तेल सोडून बघ, चहासारखं दुधट निघालं तर पाणी शिरलंय. क्लच त्याच तेलात असतो त्यामुळे भरताना कारचं जाड गिअर ऑइल घालू नको कुणी सांगितलं तरी, २०डब्ल्यू-४० वर माझ्या सगळ्या गाड्या चालतात.

पेंट-क्रोम आधी करणाऱ्याकडे गाडी देऊ नकोस. इंजिन चालू व्हायच्या आधी पेंट म्हणजे पत्रिका न बघता लग्नाचा हॉल बुक करण्यासारखं आहे.

नानापेठ_नियमित

काकांना +१. फक्त १२ हजाराला भंगारात देऊ नकोस एवढं लिहायला आलो. येझदी बनवणारी मैसूरची आयडियल जावा १९९६ ला बंद पडली, त्यामुळे जेवढ्या गाड्या उरल्यात तेवढ्याच. निव्वळ ओरिजिनल टाकी, साइड पॅनल आणि हेडलाइटचा डोम एवढे जरी शाबूत असतील तरी १२ हजाराच्या वर माल आहे तो. भंगारवाला भंगारात घालत नाही ओ, तो पुढं विकतो.

पार्ट सगळे मिळतात. पिस्टन, रिंगा, क्लच प्लेट, केबल, रबर, अगदी बॅजसुद्धा. अडचण मिळण्याची नाही, दर्जाची आहे. आत्ता बनणारी पॅकिंग आणि ऑइल सील दोन-तीन प्रकारची येतात, स्वस्तातली घेऊन मी एकदा अख्खं इंजिन परत उघडलंय.

मिसळ_आणि_मायलेज

रजिस्ट्रेशनचं सोप्पंय, व्हिंटेजमध्ये टाक, २० हजार भरले की झालं, नवीन स्टाइल नंबर पण मिळतो.

कागदवाला

वरच्या मिसळवाल्यांचं ऐकू नकोस रे बाबा. व्हिंटेजचा नियम २०२१ ला आला, त्याला पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जास्त झालेली गाडी लागते. १९८६ ची गाडी २०३६ पर्यंत त्यात बसत नाही. आणि बसली तरी ती गाडी रोज चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली वगैरेपुरतीच. तुला तर दाजीपूरला जायचंय.

तुझी केस साधी पण लांबलचक आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. म्हणजे २००१, मग २००६, मग २०११. आजोबांनी २००६ ला केलेलं असेल तर आरसीच्या मागच्या पानावर शिक्का असेल, तो बघ आधी. वाळवीने नेमकं तेच पान खाल्लं असेल तर आरटीओ ऑफिसातल्या जुन्या रजिस्टरवरून काढावं लागेल. १९८६ म्हणजे जुना तीन अक्षरी नंबर, तो ऑनलाइन टाकून बघ, बऱ्याचदा दिसतच नाही कारण जुन्या नोंदी सिस्टिममध्ये चढलेल्याच नसतात. मग बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते, त्याशिवाय पुढचं एकही पान हलत नाही.

मालक वारल्यामुळे वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ (विक्रीचा ३० वेगळा, एजंट कधीकधी तोच हातात देतात). मृत्यूचा दाखला, वारसांची कागदं, आणि बाकीच्या वारसांची हरकत नाही म्हणून सह्या. नूतनीकरण फॉर्म २५ वर. २० वर्षांपुढच्या मोटारसायकलची नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून २ हजार झालीये, पर्यावरण कर वेगळा, आणि उशीर केल्याबद्दल महिन्याला ३०० चा जादा आकार नियमात आहे. त्यामुळे स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी आरटीओत जाऊन एकूण आकडा काढून आण. वर नवीन नंबरप्लेट, ४५० अधिक जीएसटी. इन्शुरन्स, पीयूसी आलंच.

एक महत्त्वाचं. तपासणीला चेसिस नंबरचा पेन्सिलने ट्रेस घेतात. पेंटरला सांग त्या जागेवर पुट्टी मारायची नाही आणि ग्राइंडर लावायचा नाही. माझ्या मित्राच्या राजदूतचा नंबर पावडर कोटिंगखाली गाडला गेला, सहा महिने तो माणूस आपली गाडी आपलीच आहे हे सिद्ध करत फिरत होता.

राधानगरी_रिटर्न

बापरे. वारस म्हणजे बाबा, काका आणि आत्या. बाबा आणि काका ठीक आहेत पण मी गाडी करायला काढलीये म्हटल्यावर आत्याला अचानक आठवलं की आजोबांनी तिला लग्नात हीच गाडी द्यायचं कबूल केलेलं. १९८९ साली.

कागदवाला

हे प्रत्येक घरात होतं. गाडी गंजत असते तोवर कुणाची नसते.

खडकवासला_एक्स्प्रेस

माझं मत थोडं वेगळं आहे, मी पूर्ण खोलून केली होती आणि पस्तावलेलो नाही. माझी पण रोडकिंगच, टोटल ६१ हजार गेले, वहीत लिहून ठेवलंय, त्यातले १९ हजार फक्त क्रोमचे आणि खरं सांगायचं तर तेच पैसे सगळ्यात वाया गेले. क्रोमवाले आधी बफ मारतात, जुना पत्रा आधीच गंजून पातळ झालेला असतो, त्यात टाकीच्या कडा आणि रिमवरची अक्षरं घासून जातात आणि दोन पावसाळ्यांनी फोड येतात. आता वाटतं की रिम नवीन घ्यायला हव्या होत्या आणि टाकीचा जुना क्रोम जसा होता तसा रॉकेल आणि पितळी पॉलिश मारून ठेवायला हवा होता. पण फ्रेम पूर्ण उघडल्यामुळे एक फायदा झाला, मागच्या मडगार्डच्या बोल्टाजवळ फ्रेमला चीर सापडली, पेंट न काढता ती दिसलीच नसती. तेव्हा राधानगरीच्या पावसात पंधरा वर्षं उभी असलेली गाडी चालवायच्या आधी फ्रेम, स्विंग आर्मचा बुश आणि हँडलचे छर्रे एवढं तरी बघच.

वायरिंग अख्खं बदल. उंदरांनी फोम खाल्लाय म्हणजे वायरी सोडल्या असतील असं वाटत नाही.

राधानगरी_रिटर्न

अपडेट. काकांचा डिझेलचा उपाय लागू पडला!! चौथ्या दिवशी नाही, सहाव्या दिवशी, पण मागचं चाक हलवता हलवता एकदम टक् आवाज आला आणि सुटलं. प्लगच्या भोकातून जे काळं निघालं ते गोठ्याच्या भिंतीवर अजून आहे. हेड-ब्लॉक काढला, नख अडकतंय, दोन उभे ओरखडे आहेत एक्झॉस्टच्या बाजूला. कुंभारणीची घरं : कार्बमध्ये १, डाव्या सायलेन्सरमध्ये ३. काका तुम्ही ज्योतिषी आहात.

टाकीत नट-बोल्ट घालून हलवली, चहाच्या पातेल्याएवढा गंज निघाला तरी आत लाल दिसतंय. गॅरेजवाला म्हणतो आतून कोटिंग मारून देतो.

दुसरा प्रश्न, प्लगला करंट येत नाहीये. ब्लॉक उतरवायच्या आधी नवीन प्लग हेडला टेकवून किक मारून बघितलं होतं, काहीच नाही. कॉइल गेली असेल का?

धूरवाले_काका

बॅटरी लावली होतीस का?

राधानगरी_रिटर्न

नाही... किकच्या गाडीला पण लागते का?

धूरवाले_काका

तुझ्या गाडीला लागते. ही बॅटरी-कॉइलवर चालणारी गाडी आहे, राजदूतसारखा मॅग्नेटो नाही की किक मारली की करंट. बॅटरी मेली तर स्पार्क नाही. ६ व्होल्टची घे, १२ ची लावू नकोस सरळ, बल्ब आणि कॉइल दोन्ही खाशील. मग उजव्या बाजूचं झाकण काढ, पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे दोन संपर्क) दिसतील. पंधरा वर्षांत त्यांवर पांढुरका थर बसलेला असतो, बारीक पॉलिश पेपरची पट्टी दोन्हीच्या मधून दोनदा ओढ, मग पेट्रोलमध्ये बुडवलेला साधा कागद ओढ म्हणजे कचरा राहत नाही. गॅप साधारण ०.४ मिमी. कंडेन्सर बिनविचार नवीन टाक, स्वस्त मिळतो, जुन्याच्या भरवशावर राहिलास तर गरम झाल्यावर गाडी दाजीपूरच्या जंगलात बंद पडेल आणि गव्यांना धक्का मारायला सांगावं लागेल.

ओरखडे आहेत म्हणतोस, मग बोअरिंगच. आधी पिस्टन विकत घे, ओव्हरसाइज कितवा ते मोजून, आणि तो पिस्टन हातात घेऊन लेथवाल्याकडे जा. पिस्टन बघून बोअर करायचा, उलटं नाही. शिवाजी उद्यमनगरात एकाहून एक कारागीर आहेत पण जो टू-स्ट्रोकचे ब्लॉक करतो त्यालाच गाठ, कारण पंप आणि ट्रॅक्टरचे लायनर करणारा माणूस पोर्टाच्या कडा मारायला विसरतो. बोअर झाल्यावर पोर्टाच्या कडा ब्लेडसारख्या धारदार होतात, त्या हलक्या हाताने मारून गोल कराव्या लागतात, नाहीतर रिंग जाऊन तिथं अडकते आणि पहिल्याच दिवशी काम परत. परत आणलास की कडेवरून बोट फिरवून बघ. बोट कापलं तर परत दे.

नानापेठ_नियमित

टाकीला कोटिंग नको!! आता पंपावर सगळीकडे ई-२० (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) आहे, माझ्या एका गाडीत मारलेलं कोटिंग वर्षभरात सापाच्या कातीसारखं सुटून नळीत आलं. त्यापेक्षा किराणा दुकानातनं लिंबूसत्व आण, कोमट पाण्यात पाव किलोभर विरघळव, नळ काढून भोक बंद कर, टाकी तोंडापर्यंत भर आणि एक रात्र ठेव. सकाळी ओत, आत चकचकीत पत्रा दिसेल. मग ताबडतोब खायच्या सोड्याचं पाणी फिरवायचं म्हणजे आंबटपणा मरतो, मग साधं पाणी, मग हेअर ड्रायर नाहीतर ऊन, आणि वाळल्या वाळल्या आत टू-टी ऑइल फिरवून ठेवायचं. मधे चहाला गेलास तर परत येईपर्यंत लाल झालेली असेल, हे अनुभवावरून.

ई-२० चा दुसरा त्रास म्हणजे ते हवेतलं पाणी ओढतं आणि उभं राहिलं की पाणी खाली बसतं. तुमच्याकडच्या हवेत तर बोलायलाच नको. पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर कार्ब रिकामा करून ठेवत जा. पेट्रोलची नळी आणि कार्बमधलं रबर नवीन टाक, जुनं फुगतं.

मिसळ_आणि_मायलेज

पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं? माझ्या मामाकडे जावा होती, तो झाकणाने मोजायचा, पण कुठल्या झाकणाने ते विचारायचं राहिलं.

धूरवाले_काका

लिटरला ३० ते ४० मिली. नवीन बोअर असेल तर पहिले ५०० किमी ४० घाल, आणि ५० च्या वर पळवू नकोस, एकाच स्पीडला तासभर पण चालवू नकोस. डबडीत आधी मिसळ आणि मग टाकीत ओत. टाकीत ऑइल ओतून गाडी हलवणारे लोक बघितलेत, ते ऑइल तळाशी जाऊन सरळ कार्बमध्ये उतरतं. आणि उताराला थ्रॉटल पूर्ण बंद करून गिअरमध्ये लांबपर्यंत जायचं नाही, इंजिनला तेल पेट्रोलमधूनच मिळतं, थ्रॉटल बंद तर तेल बंद. फोंडा घाटात हे विसरून माझा पिस्टन चिकटलेला १९९२ ला.

राधानगरी_रिटर्न

तीन आठवड्यांनी अपडेट. चालू झाली!!!

लिंबूसत्व, बॅटरी, पॉइंट, कंडेन्सर, बोअर, पिस्टन, नवीन वायरिंग, टायर-ट्यूब, ब्रेक लायनर, केबली. आत्तापर्यंत २७ हजार ४०० गेलेत. क्रोम आणि पेंटला हात लावलेला नाही, सीट फक्त शिवून घेतली. टाकीवर आजोबांनी ऑइल पेंटने स्वतःच्या हाताने काढलेला ओम आहे, वाकडा, तो ठेवलाय.

एक फजिती सांगतो. चालू झाल्यावर गिअर टाकायला गेलो तर गिअरची लिव्हर सापडेना. किक आणि गिअर एकच लिव्हर आहे हे मला माहीत होतं, पण किक मारल्यावर ती परत खाली पुढं आणून बसवायची असते हे डोक्यातून गेलं, मी तसाच उभ्या लिव्हरला पायाने चाचपत बसलो आणि गल्लीतली चार म्हातारी माणसं फिदीफिदी हसत होती. त्यातले एक म्हणाले तुझे आजोबा बाजारात किल्ली लावूनच ठेवायचे, ज्याला किक कुठाय तेच कळत नाही तो चोरणार काय. क्लच न दाबता गिअर पडतो हे पण कालच कळलं, चुलतभावाला खोटं वाटत होतं.

आता अडचण. धूर. मला माहितीये टू-स्ट्रोक धूर सोडते, पण हा थांबतच नाही, पांढरा, दाट, आणि वास टू-टीचा नाही, जळक्या तेलाचा. गरम झाली तरी तसाच. ४० किमी चालवली तर गिअरबॉक्सचं तेल पण कमी झालेलं दिसलं, खाली तर थेंब पडत नाही कुठं. मग जातंय कुठं?

खडकवासला_एक्स्प्रेस

तूच उत्तर दिलंयस. इंजिन पितंय ते. क्रँकचं ऑइल सील.

धूरवाले_काका

बरोबर, डावीकडचं. त्या बाजूला क्लच आणि प्रायमरी चेन तेलात असतात, सील कडक होऊन गेलं की पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये जी ओढ तयार होते ती ते तेल आत ओढते आणि जाळते. उजवीकडचं, डायनामोच्या बाजूचं सील गेलं असतं तर धूर नाही, उलट हवा ओढून रेस आपोआप वाढली असती आणि पिस्टन परत चिकटला असता. त्यामुळे तुझं नशीब म्हण. पंधरा वर्षं कोरडं पडलेलं रबर आहे, डावं गेलंय तर उजव्याचा भरवसा धरू नकोस, दोन्ही एकदमच बदल.

चूक माझी पण आहे, ब्लॉक उतरवला होतास तेव्हाच सांगायला पाहिजे होतं.

आता चालवू नकोस तोपर्यंत. क्लच आणि पुढचं स्प्रॉकेट काढावं लागेल, स्प्रॉकेट टेपरवर घट्ट बसलेलं असतं, त्याला पुलर (ओढून काढायचं हत्यार) लागतो. छिन्नी-हातोडी लावून ठोकू देऊ नकोस कुणाला, क्रँक वाकडा होतो आणि मग खरंच ७५ हजार लागतील. पुलर माझ्याकडे आहे, दोन्ही बाजूंचा. मिरजेला ये, छोट्या हत्तीत घालून, कागद झाले नाहीत तोवर रस्त्यावर चालवत आणू नकोस. सील चांगल्यातली घेऊन ये, स्वस्तातली आणलीस तर परत पाठवीन.

कागदवाला

कागदांचं कुठवर आलं? ते कुणी विचारलंच नाही.

राधानगरी_रिटर्न

बॅकलॉग एंट्री झाली, २००६ चा शिक्का वाळवीच्या भोकाच्या बरोब्बर शेजारी सापडला. बाबा आणि काकांनी सह्या दिल्या. आत्या म्हणतीये आधी मला गाडीवरून एक फेरी मारून आण, मग बघू.

धूरवाले काका, रविवारी येतो सकाळी नऊपर्यंत. आत्या मिरजेलाच असते, फॉर्म पण घेऊनच येतो सोबत.